शब्दाला दीड रुपया

ज्याला मंडईत भाव करता येतो त्याला कामाचा भावही करता येतो, असा एक समज आहे. मला दोन्ही येत नाही. मिरजेच्या मार्केटात कोथिंबिरीची जुडी वीसला सांगितली की मी वीसची नोट काढते. सासूबाई बरोबर असल्या तर मला मागे सारून त्या पुढे होतात. तेव्हा अनुवादाचा दर ठरवायची वेळ आली की माझं काय होत असेल, ते वेगळं सांगायला नको. फोनवर "मॅडम, तुमचा रेट काय?" एवढं ऐकलं तरी तळहात गार पडतात. मनात एक आकडा घोकलेला असतो आणि तोंडातून दुसराच बाहेर येतो.

मी बी.फार्म. झालेली. काही वर्षं इथल्याच एका हॉस्पिटलच्या औषध विभागात होते. मुलगी झाल्यावर ती नोकरी सुटली आणि एका मैत्रिणीमुळे अनुवाद हाती आला. माझं काम मुख्यतः औषधांच्या चाचण्यांच्या कागदपत्रांचं. नव्या औषधाची माणसांवर चाचणी घ्यायची तर भाग घेणाऱ्याला त्याच्या भाषेत सगळं समजावून त्याची लेखी संमती घ्यावी लागते. औषध चाचण्यांच्या २०१९ च्या सरकारी नियमांत हे स्पष्ट आहे, आणि ही कागदपत्रं एथिक्स कमिटीने, म्हणजे भाग घेणाऱ्यांचं हित बघणाऱ्या समितीने, मंजूर केल्याशिवाय वापरता येत नाहीत. म्हणून प्रत्येक चाचणीचं माहितीपत्रक आणि संमतीपत्र इंग्रजीतून मराठी, हिंदी, गुजराती, कानडी अशा भाषांत जातं. औषध कंपनी चाचणी चालवणाऱ्या संस्थेला काम देते, ती संस्था भाषांतराच्या एजन्सीला देते आणि एजन्सी माझ्यासारखीला. मधल्या प्रत्येकाचा वाटा निघून माझ्यापर्यंत पोचतो तो शब्दाला एक रुपया. सुरुवात केली तेव्हा तेवढाच होता आणि पुढची बरीच वर्षं तेवढाच राहिला.

वाढवून मागावा असं वाटत नव्हतं का? दर एप्रिलला वाटायचं. पण मागण्याची माझी पद्धत अशी होती, की समोरच्याला काही करावंच लागू नये. "मला वाटतं एक पन्नास..." असं म्हणायचे, पलीकडे दोन सेकंद शांतता झाली की लगेच, "म्हणजे बघा तुम्ही, एक तीसपण चालेल," आणि आणखी दोन सेकंदांनी, "नाहीतर या वेळी राहू दे जुनाच." घासाघीस दोघांत होते म्हणतात, माझ्याकडे दोन्ही बाजू मीच सांभाळायचे. पलीकडचा मुलगा कदाचित तेवढ्यात दुसरा मेल वाचत असेल.

स्वतःची किंमत ओळखा, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मला या सल्ल्याचा कधी उपयोग झाला नाही, उलट त्याने जास्त घाबरायला होतं. दर म्हणजे माझी लायकी असं एकदा धरलं, की "थोडं जास्त होतंय मॅडम" या साध्या वाक्याचा अर्थ 'तुम्ही तेवढ्या लायकीच्या नाही' असा ऐकू येतो. मग कोण कशाला तोंड उघडेल? माझी गाडी पुढे सरकली ती दर माझा नसून फाइलचा आहे, हे डोक्यात बसल्यावर. आणि ते बसलं बेरजा-वजाबाक्या केल्यावर.

त्याचं असं झालं. एका संमतीपत्राचं काम हातात असताना मी वहीत तास लिहून ठेवले. सहा हजार इंग्रजी शब्दांची फाइल. या विषयात माझे तासाला तीनशे शब्द होतात, म्हणजे नुसता अनुवाद वीस तासांचा. पूर्ण झाल्यावर मूळ इंग्रजी शेजारी ठेवून पुन्हा वाचायला चार तास. तक्ते, पानांचे क्रमांक, तळटीपा, सह्यांच्या चौकटी मूळ फाइलीसारख्या लावायला दोन तास. मग बॅक ट्रान्सलेशन. माझी मराठी दुसरा कुणी अनुवादक मूळ न बघता परत इंग्रजीत करतो, आणि ती इंग्रजी मूळ इंग्रजीशी जुळत नाही तिथे शेरे येतात. त्यातले निम्मे शेरे त्या दुसऱ्या अनुवादकाच्या वाचनामुळे आलेले असतात, तरी प्रत्येकाला लेखी उत्तर मला द्यावं लागतं. ते तीन तास. शेवटी कमिटीच्या दुरुस्त्या आणि अनुवादकाचं सही केलेलं प्रमाणपत्र, एक तास. बेरीज तीस तास. सहा हजार भागिले तीस, तासाला दोनशे रुपये.

दोनशे हा आकडा बघून मला राग वगैरे आला नाही. हायसं वाटलं. कारण त्या तीस तासांतले सहा तास असे होते की ज्यांचं कुणी मला विचारलंही नव्हतं आणि मी कुणाला सांगितलंही नव्हतं. तक्ते लावणं हा अनुवाद नाही. दुसऱ्याच्या वाचनाला उत्तर देणं हाही नाही. 'माझा दर वाढवा' म्हणायला मला जीव नको होतो. 'या फाइलीत अमुक काम वेगळं आहे, ते कोण करणार?' हे मी विचारू शकते. औषध विभागात असताना डॉक्टरांनासुद्धा फोन करून विचारायचे, हा डोस दिवसातून दोनदा की तीनदा? त्याला धीर लागला नव्हता, ते कामच होतं.

दुसरी एक गोष्ट त्याच वहीतून निघाली. शब्द कोणते मोजायचे? बहुतेक एजन्स्या इंग्रजीचे मोजतात. पण एक एजन्सी झालेल्या मराठीचे मोजायची. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे माझ्या फाइलींमध्ये सहा हजार इंग्रजी शब्दांचे मराठीत जेमतेम पाच हजार होतात. म्हणजे तिथला एक रुपया हा खरा त्र्याऐंशी पैसे होता. दर तोच दिसतो, मोजपट्टी वेगळी. तेव्हापासून दर सांगण्याआधी 'शब्दसंख्या इंग्रजीची धरायची ना?' हे विचारायची मी सवय लावून घेतली. त्याचा आणखी एक फायदा असा, की पहिलं वाक्य आपलं होतं आणि ते पैशाचं नसतं, त्यामुळे आवाज जरा बसतो.

मिरज हे दवाखान्यांचं गाव. कर्नाटकातून रेल्वेने पेशंट येतात. इथल्या कुठल्याही क्लिनिकमध्ये जा, रिसेप्शनच्या काचेवर पाटी असते: प्रथम तपासणी अमुक, फेरतपासणी सात दिवसांच्या आत तमुक, दाखल्याचे वेगळे. त्या पाटीशी कुणी भांडत नाही. रिसेप्शनवरच्या मुलीला लाज वाटत नाही, कारण ती बोलतच नाही, पाटी बोलते. फेरतपासणी आणि दाखला वेगळे लिहिलेत हे माझ्या लक्षात राहिलं.

तशी एक पाटी मी माझ्यासाठी केली. एक पान, पत्त्यासकट. अनुवाद, इंग्रजी शब्दाला इतके. सुधारित आवृत्ती आली तर बदललेल्या शब्दांना तोच दर, शिवाय पूर्ण फाइल वाचण्याचे तासावर. याचं कारण सांगते. चाचणी चालू असताना माहितीपत्रकाची आवृत्ती बदलते, दोन परिच्छेद नवे येतात आणि एजन्सी म्हणते, 'फक्त एकशे वीस शब्द आहेत मॅडम.' एकशे वीस रुपये! पण ते शब्द जिथे बसतात तिथलं मागचं-पुढचं वाचल्याशिवाय ते बसवता येत नाहीत, आणि प्रमाणपत्रावर सही पूर्ण कागदाची असते. म्हणून कुठल्याही कामाला किमान आकार. बॅक ट्रान्सलेशनच्या शेऱ्यांना उत्तरं, तासावर. मांडणी, तासावर, किंवा तुमच्याकडे. पैसे देण्याची मुदत. आणि तळाला, हे दर टीडीएस कापण्यापूर्वीचे आहेत.

टीडीएसबद्दल, म्हणजे पैसे देणारा आधीच कापून सरकारकडे भरतो त्या आयकराबद्दल एवढंच, की पहिल्या वर्षी मला तो तोटा वाटला होता. व्यावसायिक सेवेच्या पैशांवर दहा टक्के कापतात; वर्षाची रक्कम तीस हजारांच्या पुढे गेली की कापायचे, आता २०२५-२६ पासून ती मर्यादा पन्नास हजार आहे. कुणी कंत्राटाच्या कलमाखाली एकच टक्का कापतात. दोन्ही पैसे आपल्या नावावर जमा असतात, रिटर्न भरल्यावर हिशेबात येतात. पण हातात यायला वेळ लागतो. दर ठरवताना 'हातात किती' यावर बोलणी गेली की गोंधळ होतो, म्हणून ती ओळ. जीएसटी माझ्या बिलावर नसतो; वीस लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची गरज नाही, आणि मी त्याच्या खूपच अलीकडे आहे.

रकाने झाले, पण मुख्य दराचा रकाना रिकामाच होता. तो भरायचा तर बाजारात काय चाललंय ते कळायला हवं, आणि आमच्या धंद्यात ते कुणी सांगत नाही. पगार विचारू नये, तसा दरही विचारत नाहीत. एका कार्यशाळेत ओळख झालेल्या, पुण्याच्या, माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठ्या अनुवादक आहेत. मी त्यांना ताई म्हणते. त्यांना फोन करायलाच मला आठवडा लागला. बरंच इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हटलं, "ताई, एक विचारू का? रागावू नका."

"विचार की गं. दर ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"बाकी काही विचारायला माणूस 'रागावू नका' म्हणतो का?"

त्यांनी सांगितलं. वैद्यकीय कामाला त्या दोन रुपये घेतात, जुन्या एका ठिकाणी पावणेदोन. मला वाटलं होतं त्या फार खमक्या असतील. तर म्हणाल्या, "अगं मी दराचा मेल पाठवते आणि लॅपटॉप मिटून गच्चीवर जाते. उत्तर संध्याकाळशिवाय बघत नाही. फोनवर तर मी दर बोलतच नाही. कुणी विचारलंच तर म्हणते, मेल करते." आणि वर, "आकडा सांगितलास की तोंडात काहीतरी ठेव. पाणी पी, बडीशेप खा. बोलू नकोस." हा शेवटचा सल्ला मला बाकी सगळ्या पुस्तकी शहाणपणापेक्षा जास्त कामाला आला.

मी रकान्यात एक पंचाहत्तर लिहिलं. दोन लिहायला हात धजला नाही आणि दीड लिहिलं तर ते शेवटी सव्वावर येणार हे दिसत होतं.

२०२५ च्या पावसाळ्यात वेळ आली. मुंबईची एजन्सी, माझं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. चार कागदपत्रांचा संच, मोठ्यांचं संमतीपत्र, मुलांच्या पालकांचं, मुलांसाठी सोप्या भाषेतलं आणि रुग्णाने घरी भरायची डायरी. एकूण बावीस हजार शब्द. मेलमध्ये नेहमीचं वाक्य होतं: दर जुनाच, साठ दिवसांनी पेमेंट, कृपया कन्फर्म करा. मी उत्तरात 'फाइल्स बघून संध्याकाळपर्यंत कळवते' एवढंच लिहिलं. ही संध्याकाळ फार महत्त्वाची. पूर्वी मी पाच मिनिटांत 'कन्फर्म्ड' पाठवायचे, कारण उशीर केला तर काम दुसरीकडे जाईल ही धाकधूक. प्रत्यक्षात मराठीची, औषधं कळणारी, वेळेवर देणारी माणसं त्यांच्याकडेही रांगेने उभी नव्हती. हे मला कळलं ते असं, की त्याच संचाचं हिंदी त्यांनी आधीच कुणाला तरी दिलं होतं आणि मराठीसाठी माझी वाट बघत थांबले होते. मेलच्या खालच्या साखळीत ते दिसत होतं. मेलची साखळी नेहमी शेवटपर्यंत वाचावी.

संध्याकाळी मेल लिहिला. तीनदा लिहिला म्हणा, पण पहिल्या दोन मसुद्यांत काय होतं ते सांगण्यासारखं आहे. महागाई, मुलीची फी, इतक्या वर्षांचा संबंध, 'आपण समजून घ्याल अशी आशा आहे'. सगळं खोडलं. माझ्या मुलीची फी हा त्यांच्या फाइलीचा भाग नाही. शेवटी मेल चार ओळींचा झाला. फाइल्स पाहिल्या, वेळापत्रक जमेल, मुलांच्या संमतीपत्राला भाषा सोपी करावी लागेल त्यामुळे त्याला जास्त वेळ धरला आहे, नवं दरपत्रक सोबत आहे, त्यानुसार पीओ, म्हणजे कामाची लेखी ऑर्डर, पाठवावा. 'माफ करा' नाही, 'जमत असेल तर' नाही. सेंड दाबलं आणि मी ताईंसारखी गच्चीवर गेले नाही, कारण धो धो पाऊस होता. कुकर लावला.

सकाळी साडेनऊला फोन. फोन येणारच होता. लेखी आलेला आकडा तोंडी खाली आणायचा ही त्यांची रीतच आहे. समन्वयक ठाण्याचा, पंचविशीतला मुलगा, वागायला चांगला. त्याच्या हातात दर ठरवणं नसतं, हेही मी तोवर ओळखलं होतं.

"मॅडम, मेल बघितला. वरती पण दाखवला. एकदम पंचाहत्तर पैसे म्हणजे... बजेट आधीच पास झालंय हो."

टेबलावर पाण्याची बाटली होती. प्यायले.

"मॅडम? आहात ना?"

"आहे. बोला."

"नाही, म्हणजे मी एक वीसपर्यंत बघू शकतो. आणि पुढे व्हॉल्यूम खूप आहे मॅडम, तीन स्टडीज येतायत."

पुढच्या तीन स्टडीज मी इतक्या वर्षांत पुष्कळदा ऐकल्या होत्या. त्यातल्या काही आल्याही, पण जुन्याच दराने. पोटात गोळा होता, आवाज बारीक येत होता, हे मला ऐकू येत होतं. पण समोर कागद होता आणि मला फक्त कागदावरचं वाचायचं होतं. म्हटलं, "एक वीसला हा संच होणार नाही. पण बजेटचा प्रश्न असेल तर काम कमी करून बघू या. तक्ते आणि मांडणी तुमचे डीटीपीवाले करतील का?"

तो थांबला. "करतील... बहुतेक करतील."

"आणि या चार फाइलींत काही परिच्छेद तेच आहेत. नुकसानभरपाई, गोपनीयता, संपर्क. ते साधारण पाच हजार शब्द निघतात. जसेच्या तसे असतील तर त्यांना पाव दर लावा. मला ते फक्त जुळवून बघावे लागतात."

हे मी होऊन देऊ केलं. यात माझा तोटा आहे असं कुणाला वाटेल, पण ही सवलत ते मागणारच होते, सॉफ्टवेअर त्यांना पुनरावृत्तीचा आकडा काढून देतं. त्यांनी मागून देण्यापेक्षा मी मोजून दिलेली बरी. शिवाय वरच्या माणसाला सांगायला त्या मुलाच्या हाती काहीतरी लागलं. मला वाटतं आमच्यासारख्या भित्र्या माणसांना हीच वाट सोयीची: दरावर हटून बसायचं बळ नाही, पण कामाचे तुकडे आम्हाला दुसऱ्या कुणापेक्षा चांगले माहीत असतात.

"वरती विचारून सांगतो" म्हणाला. फोन ठेवल्यावर मला घाम फुटला होता. सासूबाईंनी विचारलं, कुणाचा होता गं, काय झालं? म्हटलं, काही नाही, भाव करत होते. त्या म्हणाल्या, "तू?"

दुपारी फोन आला, एक पस्तीस. मी म्हटलं, मेलवर लिहून पाठवा, बघते. मेलवर उत्तर दिलं: मांडणी तुमच्याकडे आणि पुनरावृत्तीला पाव दर असं धरून दीड. त्याखाली जमणार नाही. 'त्याखाली जमणार नाही' हे फोनवर माझ्या तोंडून जन्मात निघालं नसतं. लिहिताना बोटं कापत नाहीत असं नाही, पण ती कापताना कुणाला ऐकू जात नाही. दुसऱ्या दिवशी दीड मान्य झाला.

हिशेब सांगते. सतरा हजार शब्द दीडने २५,५००. पाच हजार पाव दराने १,८७५. एकूण २७,३७५. जुन्या पद्धतीने २२,००० झाले असते. म्हणजे दर दीडपट झाला तरी पैसे सव्वापटीच्या आसपासच वाढले. पण मांडणीचे तास गेले आणि बॅक ट्रान्सलेशनच्या शेऱ्यांचं वेगळं बिल लागलं. वहीत धरलं तर तासाचा आकडा तीनशेच्या पुढे सरकला. ताईंच्या दोन रुपयांपासून अजून लांबच.

साठ दिवसांची मुदत मात्र मी फार कष्टाशिवाय मोडू शकले, आणि त्याचं श्रेय माझ्याकडे नाही. २०२४ च्या सुरुवातीला याच एजन्सीच्या अकाउंट्स खात्याचा सगळ्या पुरवठादारांना मेल आला होता: तुमची उद्यम नोंदणी आहे का, असल्यास प्रमाणपत्र पाठवा. मला हे काय ते ठाऊक नव्हतं. सांगलीच्या माझ्या सीएंना विचारलं. ते म्हणाले, "करून टाका की, आधारवर होते, फुकट आहे. फक्त सरकारी साइटवरच करा, पैसे मागणाऱ्या साइट्स पुष्कळ आहेत." उद्यम ही लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आणि घरात एकटी बसून सेवा देणारी बाईसुद्धा सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांच्या कायद्याने सूक्ष्म उद्योग ठरू शकते. २००६ च्या त्या कायद्यात म्हटलंय, की अशा उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या आत द्यायचे, करार नसेल तर पंधरा दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज. हे कलम जुनंच आहे. एजन्स्या हलल्या त्या आयकरातल्या बदलाने: २०२३-२४ पासून सूक्ष्म आणि लघू उद्योगांना मुदतीत न दिलेले पैसे, ज्या वर्षी प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी खर्च म्हणून दाखवता येतात. मार्चअखेर थकवले की त्यांचाच कर वाढतो. व्याजाची धमकी मी कुणाला दिली नाही आणि देणारही नाही. मी फक्त दरपत्रकात मुदत पंचेचाळीस दिवस लिहिली आणि बिलावर उद्यम क्रमांक छापला. 'साठ दिवस आमची पॉलिसी आहे' असं त्या मुलाने एकदा म्हटलं, मी म्हटलं, अकाउंट्सला विचारून घ्या. त्यांनी विचारलं असावं, कारण तो विषय पुन्हा निघाला नाही.

सगळीकडे असं झालं नाही. तेच दरपत्रक मी मराठी शब्द मोजणाऱ्या एजन्सीलाही पाठवलं. त्यांचं उत्तर आलं नाही. नाही, जास्त आहे, कमी करा, काहीच नाही. आठवण केली, तरी नाही. त्यांच्याकडून महिन्याला थोडंथोडं काम येत असे, ते थांबलं, आणि गणपतीच्या महिन्यात मला त्याची झळ लागली. हे सांगायला हवं, कारण दर वाढवण्याच्या गोष्टी ज्या ऐकू येतात त्यात समोरचा शेवटी मान्य करतोच. दुसऱ्या एका ठिकाणाहून मशीनने केलेला अनुवाद 'फक्त बघून द्यायचं' काम आलं, शब्दाला चाळीस पैसे. मी पाचशे शब्दांचा नमुना मागून घेतला, घड्याळ लावून बघितला. औषधाच्या मात्रेचं एक वाक्य उलट झालेलं होतं, आणि तसं दुसरं कुठे असेल या भीतीने प्रत्येक ओळ मुळाशी लावून बघावी लागली. जवळजवळ नव्याने करण्याइतकाच वेळ गेला. तो वेळ लिहून कळवला आणि म्हटलं, हे काम मी तासावरच घेईन. त्यांनी दुसरं कुणी शोधलं. वाईट वाटलं, पण त्या नकारात पूर्वीसारखा डंख नव्हता. नकार वेळेच्या हिशेबाला होता.

भीतीचं म्हणाल तर ती आहे तिथेच आहे. अनोळखी मुंबईचा नंबर दिसला की अजूनही मी फोन दोनदा वाजू देते. फरक इतकाच, की आता मी फोनवर आकडा बोलत नाही, ताईंप्रमाणे "मेल करते" म्हणते, आणि पाण्याची बाटली भरलेली असते.

दिवाळीनंतर त्या चार फाइलींपैकी एकीची सुधारित आवृत्ती आली. नव्वद शब्द बदललेले, पीओवर दर एक रुपया, रक्कम नव्वद रुपये. साठ दिवस. कुणीतरी जुना साचा उघडून तसाच पाठवला असणार. मी उत्तरात दरपत्रक पुन्हा जोडलं आणि लिहिलं, किमान आकार आणि वाचनाचा तास धरून पीओ दुरुस्त करून पाठवा, मग सुरू करते. तासाभरात दुरुस्त पीओ आला. मुदतीच्या रकान्यात मात्र अजून साठच होतं, तेव्हा आणखी एक मेल केला.